युफ्रेटिसवरचा नाका

इतुर-अस्दू नावाच्या अधिकाऱ्यानं आपल्या राजाला पाठवलेल्या एका खलित्यात त्या काळच्या राजकारणाचा सगळा हिशेब आला आहे. लहान लहान टोळीप्रमुखांच्या मेळाव्यात आपण काय बोललो, ते तो राजाला कळवतो. कुठलाही राजा एकट्याच्या बळावर मोठा नसतो, असं त्यानं त्यांना सांगितलं आणि मग नावं मोजली. बाबिलोनच्या हम्मुराबीमागे दहा-पंधरा राजे चालतात. लार्साच्या रिम-सिनमागे तितकेच, एश्नुन्नाच्या इबाल-पी-एलमागे तितकेच, कत्नाच्या अमुत-पी-एलमागेही तितकेच. याम्हदच्या, म्हणजे आजच्या अलेप्पोच्या, यारिम-लिममागे मात्र वीस.

खलिता ज्याला लिहिला त्या मारीच्या झिम्री-लिमचं नाव या मोजणीत नाही. इतुर-अस्दू त्याच्याच वतीनं बोलत होता, म्हणून ते गाळलं असेल. तरी मारीची खरी जागा त्या यादीवरून कळते. हे राज्य या पाच जणांच्या मधे होतं आणि पाच जण होते तोवरच ते टिकणार होतं. पुढच्या काही वर्षांत त्यातले दोघे ज्या क्रमानं पडले, त्याला मारीनं स्वतः हातभार लावला. मग तिची स्वतःची पाळी आली.

हा काळ इसवीसनापूर्वी अठराव्या शतकाचा आहे. पुढे दिलेली वर्षं बहुतेक इतिहासकार सोयीसाठी वापरतात तीच आहेत. त्यांच्या मागेपुढे होण्याचा वाद तज्ज्ञांकडे सोपवलेला बरा.

मारीचे अवशेष आजच्या सीरियात, इराकच्या सीमेलगत, अबू कमाल गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहेत. टेकडीचं आजचं नाव तेल हरीरी. भोवतालचा मुलूख कोरडा, पावसाच्या भरवशावर इथे शेती होत नाही. दगड, लाकूड आणि धातू जवळपास मिळत नाहीत. मग इ.स.पू. 2900 च्या सुमारास इथे कुणी मुद्दाम आखून, जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचं वर्तुळाकार शहर का वसवलं? उत्तर नदीत आहे. दक्षिणेच्या सुमेरी शहरांना लाकूड, दगड आणि धातू हवे असत, आणि ते उत्तरेकडून व पश्चिमेकडून यायचे. या मालाची सोयीची वाट म्हणजे युफ्रेटिस. मारीनं नदीपासून शहरात कालवा आणला, बंधारे घातले, आणि वरून खाली, खालून वर जाणाऱ्या नावांवर जकात बसवली. धान्य, दारू, तेल, जात्याचे दगड, जे जाईल त्यातला वाटा मारीचा. शेतीही कालव्यांवर चाले, पण राजवाड्याची श्रीमंती शेतातून आलेली नव्हती.

अशा जागेवर डोळा नसलेला राजा विरळाच. तिसऱ्या सहस्रकात मारीचं उत्तर सीरियातल्या एब्लाशी पिढ्यान् पिढ्या वैर चाललं. मग अक्कादच्या सम्राटांनी शहर उद्ध्वस्त केलं. त्यानंतर तीन-साडेतीन शतकं ‘शक्कनक्कू’ म्हणवणाऱ्या सुभेदारांचं राज्य होतं, जे नावाला सुभेदार आणि व्यवहारात राजेच होते. या सगळ्यातून शहर पुन्हा उभं राहिलं, कारण नदी तिथेच होती आणि नावा थांबल्या नव्हत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमोरी टोळ्यांतून आलेलं एक घराणं मारीच्या गादीवर बसलं. त्यातला याहदुन-लिम हा पहिला मोठा राजा. त्यानं कालवे खणले, कोट बांधले, आणि शमाश या सूर्यदेवाचं देऊळ उभारून त्याच्या पायातल्या विटांवर आपला पराक्रम कोरून ठेवला. आपण भूमध्य समुद्रापर्यंत चालून गेलो, तिथे समुद्राला बळी दिले आणि डोंगरातून देवदाराचं लाकूड तोडून आणलं, असं तो सांगतो. त्याच लेखात आपल्याविरुद्ध उठलेल्या टोळीप्रमुखांना हरवल्याचीही बढाई आहे. समुद्रापर्यंत धडक मारणाऱ्या राजाला स्वतःच्या मेंढपाळांशी लढावं लागत होतं. घराण्याची ही दुखरी नस शेवटपर्यंत तशीच राहिली.

याहदुन-लिमनंतर सुमू-यामन आला. दोन-एक वर्षांत त्याच्याच नोकरांनी त्याचा खून केला. ही संधी टायग्रिसकाठच्या शम्शी-अदादनं साधली. टायग्रिसपासून युफ्रेटिसपर्यंतचा उत्तरेचा सगळा पट्टा एका हाती आणणारा हा विलक्षण माणूस होता. त्यानं मारी घेतली. थोरला मुलगा इश्मे-दगान पूर्वेला एकल्लातुमात बसवला आणि धाकट्या यास्मह-अद्दूला मारीच्या गादीवर.

बापाची धाकट्याला आलेली पत्रं सापडली आहेत, आणि ती वाचताना हसू आवरत नाही. तू अजून पोरच आहेस का, तुझ्या हनुवटीवर दाढी नाही का, तुला घर चालवायला कुठवर शिकवायचं, असे सवाल अडतीस शतकांपूर्वीच्या बापाचे आहेत. एका पत्रात तो लिहितो, तुझा भाऊ तिकडे रणात विजय मिळवतोय आणि तू बायकांमध्ये लोळतोयस. कत्नाच्या राजाची मुलगी यास्मह-अद्दूची राणी होती. तिला मानानं वागव, अशीही ताकीद बापाला द्यावी लागली, कारण लग्न राजकारणासाठी झालेलं होतं आणि कत्नाशी बिघडणं परवडणारं नव्हतं. बिचाऱ्या पोराची बाजूही ऐकण्यासारखी आहे. आपण लहानपणापासून बापाच्या हाताखाली वाढलो, मग आपल्याविषयी असं का बोललं जातं, असं तो दुखावल्या सुरात लिहितो.

इ.स.पू. 1775 च्या सुमारास शम्शी-अदाद वारला आणि त्याचं विशाल राज्य काही महिन्यांत विस्कटलं. ते एका माणसाच्या हुकमतीवर उभं होतं, दुसरा आधार त्याला नव्हता. यास्मह-अद्दू मारीतून नाहीसा झाला आणि जुन्या अमोरी घराण्यातला झिम्री-लिम गादीवर आला. त्याच्यामागे याम्हदचं बळ होतं. यारिम-लिमची मुलगी शिब्तू त्याची राणी झाली. वीस राजे मागे असलेला सासरा ही झिम्री-लिमची सर्वांत मोठी ठेव होती.

झिम्री-लिमचं राज्य जेमतेम तेरा-चौदा वर्षांचं. पण प्राचीन जगातला इतका तपशीलवार माहीत असलेला दुसरा काळ शोधून काढावा लागेल. 1933 च्या ऑगस्टमध्ये तेल हरीरीवर स्थानिक बदू आपल्या मयताच्या थडग्यासाठी दगड शोधत होते. त्यांना बिनडोक्याचा एक दगडी पुतळा सापडला. ती बातमी त्या वेळच्या फ्रेंच अंमलदारांकडे गेली आणि डिसेंबरात आंद्रे पारो यांचं पथक उत्खननाला आलं. जानेवारी 1934 मध्ये मारीच्या राजाचं नाव कोरलेला पुतळा हाती लागला आणि शहर ओळखलं गेलं. पुढे सापडला तो सुमारे अडीच हेक्टरांवर पसरलेला, तीनशेच्या आसपास खोल्यांचा राजवाडा, आणि त्यात कीलाक्षरी लिपीतल्या वीस हजारांच्या आसपास मातीच्या पाट्या. हिशेब, खलिते, शकुनांचे अहवाल, तक्रारी. एखाद्या दरबाराचं अख्खं दफ्तर.

राजवाड्याची कीर्ती त्याच्या काळातच दूर पोचली होती. समुद्रकाठच्या उगारितचा राजा अलेप्पोच्या राजामार्फत विचारणा करतो, झिम्री-लिमचा वाडा पाहायचा आहे, तेवढी सोय व्हावी. आत भिंतींवर रंगीत चित्रं होती. इश्तार देवीसमोर उभ्या राजाचं मोठं चित्र आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मुदपाकखान्यात नक्षीदार साचे सापडले. खजूर आणि पिस्ते घालून केलेल्या पक्वान्नाच्या नोंदी हिशेबात आहेत. दारू कार्केमिश आणि अलेप्पोकडून यायची. झिम्री-लिमनं तेर्का गावात बर्फघर बांधलं आणि युफ्रेटिसकाठी असं याआधी कुठल्याही राजानं बांधलं नव्हतं, असं पायातल्या लेखात नोंदवून ठेवलं. वाळवंटाच्या कडेला गार पेय पिणं ही त्या राजाची खरी चैन होती.

या चैनीमागची कामं मात्र रटाळ आणि अखंड होती. तेर्काचा सुभेदार किब्री-दगान कालवे फुटल्याचं आणि टोळधाड आल्याचं कळवतो. याक्कीम-अद्दू नावाचा दुसरा सुभेदार एका घराच्या माडीवर सिंह सापडल्याची बातमी देतो. सिंह राजाच्या मालकीचा, म्हणून त्याला मारणं सोडाच, जगवणं भाग होतं. शेवटी तो लाकडी पिंजऱ्यात घालून नावेतून मारीला रवाना झाला. राजा मोहिमेवर असताना वाडा शिब्तू सांभाळे. तिला लिहिलेल्या एका पत्रात झिम्री-लिम नान्नामे नावाच्या आजारी बाईविषयी ताकीद देतो, की तिच्या भांड्यातून कुणी पिऊ नये, तिच्या आसनावर बसू नये, तिच्या अंथरुणावर निजू नये. रोग एकापासून दुसऱ्याला लागतो, ही समज त्या पत्रात स्पष्ट आहे.

राज्य मुळात दोन जातींच्या माणसांचं होतं. एकीकडे शहरात राहणारे अक्कादी बोलणारे लोक, दुसरीकडे कळप घेऊन फिरणारे हाना. झिम्री-लिम स्वतःला ‘मारीचा आणि हाना मुलखाचा राजा’ म्हणवून घेई. घोड्यावर बसू नका, खेचरांच्या रथात बसा, राजेपणाची शान राखा, असा सल्ला बहदी-लिम या त्याच्या विश्वासू कारभाऱ्यानं त्याला दिला आहे. घोड्यावर बसणं रानटीपणाचं समजलं जाई, आणि राजा दोन्ही लोकांना आपला वाटला पाहिजे, ही कारभाऱ्याची काळजी होती. ती उगाच नव्हती. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच यामिनी नावाच्या टोळ्या एश्नुन्नाच्या चिथावणीनं उठल्या आणि त्यांच्याशी त्याला लढावं लागलं.

आजूबाजूच्या लहान राजांना बांधून ठेवण्यासाठी झिम्री-लिमनं मुली दिल्या. इलान्सुराच्या हाया-सुमूला तर त्यानं दोन मुली दिल्या, शिमातुम आणि किरूम, आणि बहिणी-बहिणी सवती झाल्या. किरूम बापाला राजकारणाच्या बातम्या पाठवायची, सल्लेही द्यायची. नवऱ्याला ते कसं रुचावं? अखेर मला परत न्या, नाहीतर गच्चीवरून उडी टाकीन, असं तिनं कळवलं, आणि बापानं तिला माघारी आणण्याची व्यवस्था केली. मांडलिकांच्या निष्ठेची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापैकी ही एक.

राजेराजे एकमेकांना पत्र लिहीत तेव्हा मायन्यातच दर्जा ठरलेला असे. वरचढ तो बाप, बरोबरीचा तो भाऊ, खालचा तो मुलगा किंवा नोकर. झिम्री-लिम यारिम-लिमला बाप म्हणे, हम्मुराबीला भाऊ. या भावाशी त्याचं एक दुखणं मात्र कधी मिटलं नाही. मारी आणि बाबिलोन यांच्या मधे हीत नावाचं गाव होतं, आणि तिथे डांबराचे झरे होते. हम्मुराबीचा युक्तिवाद सरळ होता. तुमच्या मुलखाचं बळ गाढवांत आणि गाड्यांत, माझ्या मुलखाचं बळ नावांत; नावांना डांबर लागतं, म्हणून मला हीत हवं. ज्याचं सगळं राज्य नदीवर चालतं त्या झिम्री-लिमला हे पटणं शक्य नव्हतं. त्यानं मेंढ्यांच्या आतड्यांवरून शकुन काढवले. कौल आला, हीत देऊ नका.

हम्मुराबीच्या दरबारातले मारीचे वकील आणि सेनापती बारीकसारीक गोष्टी कळवत असत. एकदा मेजवानीला आलेल्या वकिलांना वस्त्रं देताना याम्हदच्या मंडळींचा मान राखला गेला आणि मारीच्या काही मंडळींना डावललं. वकिलांनी तक्रार केली तेव्हा हम्मुराबी भडकला. वस्त्रं कुणाला द्यायची ते मी ठरवीन, असं त्यानं ठणकावलं. जोड्याची गोष्टही अशीच. क्रीटच्या घाटाचे चामडी जोडे झिम्री-लिमनं बहदी-लिमच्या हाती हम्मुराबीला भेट म्हणून पाठवले होते, आणि ते परत आले. हिशेबनिसानं परतीची नोंद करून ठेवली. कारण लिहिलेलं नाही.

आता पाच राजांच्या त्या यादीकडे वळू. पूर्वेला डोंगरापलीकडे एलाम हे या सगळ्यांपेक्षा जुनं आणि मोठं राज्य होतं. मेसोपोटेमियातले राजे एलामच्या राजाला बाप म्हणत. इ.स.पू. 1765 च्या सुमारास त्यानं एश्नुन्नावर स्वारी केली, तेव्हा मारी आणि बाबिलोन दोघांनी त्याला फौजा दिल्या. एश्नुन्ना मारीची जुनी वैरीण होती, त्यामुळे झिम्री-लिमला यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण शहर जिंकल्यावर एलामनं ते स्वतःकडे ठेवलं आणि हम्मुराबीनं बळकावलेली एश्नुन्नाची गावं परत मागितली. लार्सावर चालून जायला ये, असं हम्मुराबीला आणि बाबिलोनवर चालून जायला ये, असं रिम-सिनला त्यानं एकाच वेळी लिहिलं. दोघांनी पत्रं ताडून पाहिली तेव्हा खरा प्रकार उघडा पडला.

मग हम्मुराबी आणि झिम्री-लिम यांनी एलामविरुद्ध शपथ घेतली. झिम्री-लिमनं माणसं पाठवली, याम्हदकडूनही कुमक आली. रिम-सिन मात्र आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. हिरितुमच्या वेढ्यात एलामची फौज अडकली आणि अखेर मागे सरली. इ.स.पू. 1764 मधला हा विजय दोघांचा होता, पण त्याचं फळ एकाच्या पदरात पडलं. बाबिलोनच्या माथ्यावरची सर्वांत मोठी सत्ता दूर झाली होती आणि तिच्या जागी बसायला हम्मुराबी तयार होता. झिम्री-लिम मात्र आपल्या उत्तरेच्या कुरबुरींत गुंतला होता. तिथले मांडलिक एलामच्या काळात फितूर झाले होते.

पुढच्या वर्षी हम्मुराबी लार्सावर गेला. साठ वर्षं गादीवर असलेला रिम-सिन साधारण सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर पडला. या मोहिमेतही मारीची शिबंदी बाबिलोनच्या बाजूनं होती. झिम्री-लिमनं ती का दिली, याचं उत्तर त्याच्या सवयीत आहे असं मला वाटतं. मधल्या राज्याचा राजा नेहमी जवळच्या बलवानाच्या बाजूनं लढतो, कारण दरवेळी तो बलवान दुसऱ्या कुणाला तरी मारत असतो. इ.स.पू. 1762 मध्ये हम्मुराबीनं एश्नुन्नाला हरवलं. दक्षिणेत आणि पूर्वेत आता त्याला अडवणारा कुणी उरला नाही. याम्हद बलाढ्य होतं, पण दूर होतं. यारिम-लिम तोवर वारला होता आणि त्याचा मुलगा बापाच्या तोलाचा नव्हता.

दगान देवाचे झपाटलेले भविष्यवेत्ते झिम्री-लिमला सांगत होते, बाबिलोन देवाच्या जाळ्यात सापडेल आणि तुझ्या हाती पडेल. शिब्तूनंही नवऱ्यासाठी वरचेवर कौल लावले. ही पत्रं आज वाचताना चरचरतं, कारण इ.स.पू. 1761 मध्ये जाळं पडलं ते मारीवर.

हम्मुराबीनं शहर घेतलं. झिम्री-लिमचं नाव यानंतर कुठल्याही लेखात येत नाही. बाबिलोनचे लोक राजवाड्यात काही महिने राहिले. तिथल्या मौल्यवान चीजा त्यांनी पद्धतशीर उचलल्या. मग इ.स.पू. 1759 च्या सुमारास हम्मुराबीनं मारीचा तट पाडला, वाडा जाळला, आणि या कामगिरीवरून त्या वर्षाला नाव दिलं. तीस वर्षं शेजार सांभाळलेल्या राजानं शहर एकदम का उद्ध्वस्त करावं? मला तरी हे सूडापेक्षा हिशेबाचं काम वाटतं. नदीवर दोन नाके असले की खालच्याचा वाटा कमी होतो. मारी ताब्यात ठेवायची तर तिथे सुभेदार नेमावा लागला असता, आणि मारीत नेमलेले सुभेदार पुढे राजे होतात हे मागच्या शतकांत दिसलं होतं. गंमत अशी, की हम्मुराबीच्या प्रसिद्ध कायद्याच्या शिळेवरच्या प्रस्तावनेत तो मारी आणि तुत्तुल इथल्या लोकांवर दया केल्याचं श्रेय घेतो.

मारी पुन्हा शहर म्हणून उठली नाही. पुढे तिथे किरकोळ वस्ती राहिली. वरच्या बाजूला तेर्कामध्ये हाना नावाचं लहानसं राज्य काही काळ टिकलं, पण मारीची सर त्याला आली नाही. बाबिलोनलाही हा व्यवहार फार लाभला असं म्हणता येत नाही. हम्मुराबीच्या मुलाच्या काळातच दक्षिणेचा मुलूख हातचा गेला. इ.स.पू. 1595 च्या सुमारास अनातोलियातून हित्ती राजा मुर्सिली निघाला, अलेप्पो घेतलं आणि त्याच युफ्रेटिसच्या काठानं खाली उतरून बाबिलोन लुटून गेला. हम्मुराबीचं घराणं तिथेच संपलं. मारी असती तर तिनं त्याला अडवलंच असतं असं नाही. पण इतक्या लांबच्या वाटेवर फौजेला जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणारा नाका तिथे राहिला नव्हता.

2011 नंतरच्या यादवीत तेल हरीरीवर लुटारूंनी शेकडो खड्डे खणले, त्यातून काय गेलं ते कधी मोजता येणार नाही. पण मोठी निवड त्याच्याआधी पावणेचार हजार वर्षांपूर्वी झाली होती. बाबिलोनच्या कारकुनांनी वाडा जाळण्याआधी मारीचं दफ्तर पेट्यांत लावलं. पेट्यांवर ‘शम्शी-अदादच्या चाकरांच्या पाट्या’, ‘झिम्री-लिमच्या चाकरांच्या पाट्या’ अशा चिठ्ठ्या लावल्या, त्यांवर हम्मुराबीच्या कारकिर्दीचं वर्ष घातलं. मोठ्या राजांनी मारीला लिहिलेले खलिते, हम्मुराबीचे स्वतःचेही, त्यांनी निवडून बाबिलोनला नेले. सुभेदारांच्या तक्रारी, राणीची पत्रं आणि वकिलांचे अहवाल बिनकामाचे म्हणून जागीच सोडले. हम्मुराबीच्या काळातलं बाबिलोन आज भूजलाखाली आहे, आणि जर्मन उत्खननकारांनाही त्या थरापर्यंत नीट पोचता आलं नाही. त्यामुळे हा राजा दरबारात कसा बोलायचा, कशावर भडकायचा, फौज द्यायची टाळताना काय सबबी सांगायचा, हे आपल्याला कळतं ते मारीच्या वकिलांनी लिहिलेल्या, त्याच्या कारकुनांनी टाकून दिलेल्या पाट्यांवरून.